पिवळा वेलीगुलाब घरच्या बागेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फाटकावरच्या कमानीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पिवळ्या गुलाबाची वेल बहरलेली असावी, ही इच्छा अनेकांची असते. रोप हौसेनं आणलं जातं, आणि मग दोन वर्षं नुसत्या लांबच लांब काठ्या वाढत राहतात. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे: या झाडाला आपण झुडपी गुलाबासारखं वागवतो. त्याची वाढ वेगळी, छाटणी वेगळी आणि फूल धरण्याची जागाही वेगळी. इथली उत्तरं मुख्यतः पुणे, नाशिक, सातारा, नगर या कोरड्या पठारी भागाला धरून दिली आहेत. कोकण-गोवा आणि विदर्भासाठी पुढे वेगळे प्रश्न आहेत.

वेलीगुलाब आपोआप भिंतीवर चढतो का?

नाही. त्याला काकडीसारखे ताणे नसतात आणि तो मधुमालतीसारखा आधाराला वेढेही घालत नाही. तो फक्त लांब फांद्या टाकतो आणि काट्यांच्या साहाय्यानं कशाला तरी अडकून राहतो. चढवायचं काम आपलं. बांधलं नाही, तर तो जमिनीकडे झुकतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचे कपडे फाडतो.

पिवळ्या रंगात कोणती जात घ्यावी?

पहिल्यांदा लावणार असाल, तर ‘गोल्डन शॉवर्स’. अमेरिकेत वॉल्टर लॅमर्ट्स यांनी तयार केलेली ही जात १९५६ साली बाजारात आली. उंची साधारण ८ ते १० फूट, काटे कमी, फूल मोकळं आणि चटकन उमलणारं, बहर पुन्हा पुन्हा येणारा. फूल झाडावर फार दिवस टिकत नाही, पण मागून कळ्या येत राहतात. घरच्या कमानीला किंवा खांबाला ही उंची बेताची पडते, म्हणून मी नवख्यांना हीच सुचवतो.

‘क्लायंबिंग पीस’ आपल्याकडे बऱ्याच रोपवाटिकांमध्ये मिळतो. मूळचा ‘पीस’ हा फ्रान्सच्या मेयाँ या नव्या जाती तयार करणाऱ्या घराण्याचा झुडपी गुलाब, १९४५ साली अमेरिकेत त्याचं नामकरण झालं. त्याच्याच एका फांदीत झालेल्या बदलातून हा वेलीप्रकार निघाला. फूल हातभर मोठं वाटावं असं भरदार, पिवळ्याला गुलाबी कड. मात्र सुरुवातीची काही वर्षं तो फुलं देताना फार हात आखडतो. घाई असलेल्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

‘मार्शल नील’ हे जुन्या बागप्रेमींचं लाडकं नाव. १८६४ सालचा हा फ्रेंच गुलाब, फ्रान्सच्या एका सेनापतीच्या नावाचा. चहाच्या पानांची आठवण करून देणारा दाट सुगंध आणि देठ नाजूक असल्यानं खाली झुकणारी फुलं. उंच कमानीवर लावला, तर खालून जाणाऱ्याला प्रत्येक फुलाचा चेहरा दिसतो. थंडीच्या देशांत त्याला काचघर लागायचं, आपल्या उबेत तो उघड्यावर राहू शकतो. मिळाला तर सोडू नका, पण खात्रीच्या माणसाकडूनच घ्या.

‘कॅसिनो’ (१९६३) हा फिकट पिवळा आणि सुवासिक. इंग्लंडचे गुलाब-पैदासकार डेव्हिड ऑस्टिन यांचा ‘ग्रॅहम थॉमस’ (१९८३) मुळात झुडूप म्हणून आला, पण उबदार हवेत इतक्या लांब फांद्या टाकतो की त्याला खुशाल वेलीसारखं बांधावं. त्याचा गडद, अंड्याच्या बलकासारखा पिवळा रंग फार देखणा. ‘मर्मेड’ (१९१८) एकेरी पाकळ्यांचा, मोठ्या फुलांचा आणि रोगाला दाद न देणारा. पण त्याचा पसारा प्रचंड आणि काटे भयंकर. छोट्या अंगणात त्याला आणू नका.

फोटोंत दिसणारा, बिनकाट्यांचा, झुपक्यांनी फुलणारा पिवळा गुलाब कोणता?

तो ‘लेडी बँक्स’. मूळचा चीनचा, पिवळी दुहेरी जात १८२४ साली इंग्लंडला पोचली. वर्षातून एकदाच, जुन्या लाकडावर, असंख्य छोटी फुलं येतात. डेहराडून, सिमला अशा ठिकाणी तो सुरेख फुलतो. फुलण्यासाठी त्याला हिवाळ्यात बऱ्यापैकी गारवा लागतो. पुण्या-मुंबईत वेल उत्तम वाढते, हिरवीगार राहते, पण फुलांच्या बाबतीत फोटोतल्यासारखी अपेक्षा ठेवू नये. लावलाच, तर छाटणी फुलं संपल्यावर लगेच करायची. ऑक्टोबरमध्ये छाटलात, तर येणारा बहर तुम्हीच कापून टाकलात.

ऑनलाइन पिवळ्या वेलीगुलाबाचं बी मिळतं. घेऊ का?

घेऊ नका. गुलाबाची जात बियांतून जशीच्या तशी येत नाही, ती डोळा भरून (म्हणजे जंगली गुलाबाच्या खोडात हव्या जातीचा डोळा बसवून), कलम करून किंवा फाटे लावूनच टिकते. एखादं बी उगवलंच, तरी त्यातून काय निघेल ते कुणीही सांगू शकत नाही.

रोप निवडताना काय बघावं?

शक्य असेल तर फूल असलेलंच रोप घ्या. ‘पिवळा क्लायंबर’ एवढ्या चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका. डोळा भरलेल्या जागेच्या वर निदान दोन, शक्यतो तीन दणकट फुटवे हवेत. एकाच बारीक काडीवर डोलणारी चार फुलं बघून भुलू नये. खोडावर काळपट चट्टे नकोत, पानांच्या मागे जाळी नको. आणि डोळा बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी अजून खोडाला असेल, तर घरी आल्यावर ती ब्लेडनं हलकेच कापून काढा. ती तशीच राहिली, तर खोड जाड होताना तिथेच आवळलं जातं आणि वर्षभरानं झाड कारण नसताना मान टाकतं.

रोपाच्या मुळांभोवती लाल मातीचा कडक गोळा असतो. तो तसाच लावायचा का?

हा प्रश्न विचारला नाही, तरी प्रत्येकानं वाचावा असा आहे. आपल्याकडे येणारी बरीच रोपं चिकट लाल मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा सुकला की विटेसारखा होतो. आजूबाजूला कितीही चांगली माती घाला, पाणी गोळ्याच्या बाजूनं वाहून जातं आणि आतली मुळं कोरडी राहतात. लावण्यापूर्वी गोळा अर्धा-पाऊण तास बादलीभर पाण्यात ठेवा. बाहेरची माती मऊ झाली की बोटांनी हलकेच मोकळी करा. सगळा गोळा फोडून मुळं उघडी करायची नाहीत. बाहेरचा थर सुटला आणि मुळांची टोकं दिसू लागली की पुरे. लावल्यानंतर आठवडाभर रोपाला सावली द्यावी.

जागा कशी हवी?

रोज ५ ते ६ तास ऊन, आणि ते सकाळचं असेल तर सोन्याहून पिवळं. पूर्वेकडची भिंत किंवा कुंपण सगळ्यात उत्तम. रात्रीचं दव सकाळच्या उन्हानं लवकर वाळतं, त्यामुळे बुरशीही कमी. पश्चिमेची सिमेंटची भिंत एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता परत टाकत राहते. तिथे पानं करपतात, लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) माजतो. दुसरी जागाच नसेल, तर वेलीच्या आधाराची जाळी भिंतीपासून निदान वीतभर पुढे उभारा, म्हणजे मागून हवा खेळेल.

झाड भिंतीला चिकटून लावू नये. बंगल्याच्या पायालगत बांधकामाचा राडारोडा पुरलेला असतो. चुना आणि सिमेंटमुळे तिथली माती अल्कधर्मी होते, आणि गुलाबाला ती मानवत नाही. शिवाय छज्जाखाली पावसाचं पाणीही पोचत नाही. भिंतीपासून दीड फूट पुढे लावा आणि फांद्या मागे वळवा. दोन वेलींमध्ये ७ ते ८ फूट अंतर हवं.

आमच्याकडे काळी चिकट माती आहे. चालेल?

चालेल, पण पाण्याचा निचरा आधी सांभाळा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. काळ्या जमिनीत नुसता खड्डा घेऊन भरला, तर पावसाळ्यात त्याचं तळं होतं. म्हणून लागवडीची जागा आजूबाजूपेक्षा ८-१० इंच उंच करा. भरताना दोन भाग लाल पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग खड्ड्यातलीच माती आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. शेणखत कच्चं असेल, तर हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात. खत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येत असेल, तर अजून थांबा.

डोळा भरल्याची गाठ मातीच्या वर राहिली पाहिजे. थंड देशांतली पुस्तकं ती जमिनीत गाडायला सांगतात, ते हिमापासून वाचवण्यासाठी. इथे गाठ गाडली, तर कुजण्याची भीती आणि खुंटाच्या (ज्यावर डोळा भरला त्या खालच्या जंगली गुलाबाच्या) फुटी ओळखणंही अवघड.

कोणत्या महिन्यात लावावं?

कमी पावसाच्या भागात जुलै-ऑगस्ट किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जोरदार पावसाच्या भागात पाऊस ओसरल्यावरच.

कुंडीत वाढतो का?

वाढतो, पण कुंडी मोठी हवी. निदान १८ इंच रुंद आणि तितकीच खोल, शक्य असेल तर २४ इंची. निळा ड्रम अर्धा कापून, तळाला सात-आठ भोकं पाडून वापरणारे बरेच जण आहेत आणि ते झाडाला छान मानवतं. कुंडीसाठी ‘गोल्डन शॉवर्स’सारखी आटोपशीर जात निवडा. उन्हाळ्यात गच्चीवर मुळं वरच्या पानांपेक्षा आधी भाजतात. कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळा, खाली विटा ठेवा, मातीवर पाचोळ्याचं आच्छादन द्या. वरची दोन-तीन इंच माती दर वर्षी छाटणीच्या वेळी काढून ताजं खत-माती घाला, आणि तीन वर्षांनी पूर्ण माती बदला. गच्ची सोसायटीची असेल, तर भरलेल्या ड्रमचं वजन आणि झिरपणारं पाणी यांचा विचार आधीच झालेला बरा.

आधार कसला द्यावा?

भिंतीवर खुंट्या ठोकून १४ गेजची जस्ताची तार आडवी ताणा. पहिली तार जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, पुढच्या सव्वा ते दीड फुटाच्या अंतरानं. तार भिंतीपासून चार-पाच इंच सुटी राहील असं बघा. लोखंडी कमान करून घेत असाल, तर आत निदान चार-साडेचार फूट मोकळी रुंदी ठेवा, कारण दोन्ही बाजूंनी काटेरी फांद्या आत येतातच. बांबू स्वस्त पडतो, पण जमिनीत गाडलेला भाग दोन-तीन पावसाळ्यांत कुजतो, आणि तोवर वेल इतकी जड झालेली असते की बांबू बदलणं हीच मोठी मोहीम होते. खर्च एकदाच करावा, तो लोखंडावर.

बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या किंवा सुतळी वापरा. गाठ आठच्या आकड्याच्या वेढ्यात घ्या: एक वेढा तारेला, दुसरा फांदीला, मध्ये पीळ. उघडी तार फांदीला लावू नका.

वेल दहा फूट गेली, पण फुलं फक्त टोकाला येतात, किंवा येतच नाहीत. का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तरही या पानावर सगळ्यात महत्त्वाचं.

फांदी सरळ उभी वाढत असली की तिच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि खालचे डोळे झोपलेले ठेवतं. शेंडा वर पळतो, फुलं शेंड्यालाच लागतात. तीच फांदी आडवी केली की शेंड्याचा हा वचक सुटतो. फांदीच्या संपूर्ण लांबीवरचे डोळे जागे होतात, प्रत्येक डोळ्यातून वीतभर आडफांदी फुटते आणि प्रत्येक आडफांदीच्या टोकाला फूल येतं. एका टोकाला चार फुलं येत होती, तिथे आता फांदीभर फुलं.

म्हणून वेलीगुलाब वाकवून फुलवायचा. मुख्य फांद्या पंख्यासारख्या दोन्ही बाजूंना पसरा. अगदी आडव्या नाही जमल्या, तर ४५ अंशांपर्यंत झुकवा. खांबावर चढवायचा असेल, तर फांदी खांबाभोवती फिरवत न्या. सरळ वर नेऊ नका. फिरवल्यानंही तोच परिणाम साधतो.

वाकवण्याची वेळ महत्त्वाची. अगदी कोवळी, लालसर फांदी बुडाशी चटकन निखळते, आणि जून झालेली मोडते. हिरवी, पण हाताला टणक लागू लागलेली फांदी योग्य. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी द्या, मग आज थोडी, दोन-तीन दिवसांनी आणखी थोडी अशी खाली आणा. एका झटक्यात नाही. जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

एवढं करूनही पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत, तर चिंता करू नका. पहिलं वर्ष मुळांचं असतं. खरा बहर तिसऱ्या हिवाळ्यात दिसतो.

छाटणी कधी आणि किती?

पहिली दोन वर्षं छाटणी नाही. मेलेली, सुकलेली किंवा पेन्सिलीपेक्षा बारीक फांदी तेवढी काढायची. झुडपी गुलाबांपासून निघालेल्या ‘क्लायंबिंग पीस’सारख्या जातींत तर हे कटाक्षानं पाळा. लवकर जोरात छाटलं, तर त्या कधीकधी पुन्हा झुडपी होऊन बसतात. ऑक्टोबर आला की कात्री घेऊन येणारे माळीकाका सगळे गुलाब एकाच मापानं फूट-दीड फुटावर कापतात. त्यांना वेलीगुलाब आधीच दाखवून ठेवा आणि हात लावू नका म्हणून सांगा. दोन वर्षांची वाढ अशी पाच मिनिटांत गेलेली बघवत नाही.

तिसऱ्या वर्षापासून, पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला: मुख्य लांब फांद्या तशाच ठेवा. त्यांच्यावरच्या, फुलून गेलेल्या आडफांद्या दोन-तीन डोळे राखून कापा. बुडातून नवी जोमदार फांदी आली असेल, तर सगळ्यात जुन्यांपैकी एक तळापासून काढा. काप बाहेरच्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका. जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर तिथून फांदी काळी पडत खाली मरत येते. छाटणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांत फुलं दिसू लागतात, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला. पुढे प्रत्येक बहरानंतर वाळलेली फुलं, खाली एका देठावर पाच पानं असतील तिथपर्यंत खुडत राहिलात, तर मार्चपर्यंत फुलं मिळतात.

इंग्रजी व्हिडिओंतली ‘फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना छाटा’ ही सूचना इथे लावू नका. आपल्याकडे गुलाब हिवाळ्यात झोपत नाही, उलट तेव्हाच फुलतो.

कळी गडद पिवळी, पण फूल दोन दिवसांत पांढरट होतं. काही कमी पडतंय का?

काही कमी पडत नाही. पिवळा रंग मुख्यतः कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा, आणि बऱ्याच जातींत ती कडक उन्हात लवकर विरतात. डिसेंबरमधलं फूल आणि मार्चमधलं फूल शेजारी ठेवलं, तर एकाच झाडाचं वाटणार नाही. दुपारनंतर हलकी सावली मिळाली, तर रंग जास्त टिकतो. खत वाढवून यात फरक पडत नाही.

पिवळा लावला होता, आता छोटी पांढरी किंवा गुलाबी फुलं यायला लागली. रंग बदलला का?

बदलला नाही. खालचा जंगली खुंट फुटला आणि वरचा पिवळा त्यानं दाबून टाकला. फूट कुठून निघाली ते माती बाजूला करून बघा. गाठीच्या खालून असेल, तर ती खुंटाची. कापू नका, खाली ओढून मुळासकट उपटा, कापली की दुप्पट जोमानं येते. एका देठावर सात पानं म्हणजे जंगली आणि पाच म्हणजे चांगली, ही खूण बरेच जण सांगतात, पण वेलीगुलाबांत ती फसवी आहे. त्या हिशोबानं चांगल्या फांद्याही उपटल्या जातात.

पानं पिवळी पडतात. काय घालू?

आधी कोणती पानं ते बघा.

नवी, शेंड्याकडची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या: लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे फार दिसतं. जमिनीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाची) फवारणी लवकर गुण देते. हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून आळ्यात दिलं, तर परिणाम सावकाश पण टिकाऊ. जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी द्या. खालची जुनी पानं एकसारखी पिवळी: नत्र कमी, किंवा मुळाशी पाणी साचतंय. पानांवर काळे ठिपके आणि भोवती पिवळं: तो रोग, पुढचा प्रश्न वाचा.

पिवळ्या गुलाबालाच काळे ठिपके जास्त का?

याला इतिहास आहे. युरोपच्या बागांतल्या गुलाबांत गडद पिवळा रंग फार उशिरा आला. फ्रान्समधल्या ल्यों शहराचे गुलाब-पैदासकार जोसेफ पेर्ने-दुशे यांनी इराणकडच्या पिवळ्या गुलाबाचा संकर करून १९०० साली ‘सोलेय दॉर’ बाजारात आणला. आजच्या बहुतेक गडद पिवळ्या गुलाबांत त्याच घराण्याचं रक्त आहे. तो मूळ इराणी गुलाब कोरड्या प्रदेशातला, काळ्या ठिपक्यांच्या बुरशीशी झुंजण्याची ताकद त्याच्यात नव्हती. रंगाबरोबर ही कमजोरीही पुढे आली. म्हणून पिवळा गुलाब लावणाऱ्यानं पावसाळ्यात जास्त सावध राहिलं पाहिजे, लालवाल्यांना चालतं ते आपल्याला चालत नाही.

पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की ही बुरशी रुजते. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका, पाणी आळ्यातच द्या. जून लागण्यापूर्वी खालची फूटभर पानं काढून टाका म्हणजे चिखलाचे शिंतोडे बसणार नाहीत. गळलेली पानं रोज उचला आणि ती घरच्या खतात टाकू नका. पावसाच्या उघडिपीत मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ते २.५ ग्रॅम या प्रमाणात, पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. थंडीतली पांढरी भुरी वेगळी. तिला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला २ ग्रॅम, पुरतं. मात्र ऊन तापल्यावर गंधक फवारलं, तर पानं भाजतात.

किडींचं काय?

फुलकिडे पिवळ्या आणि फिकट फुलांकडे जास्त ओढले जातात. कळी उमलताना पाकळ्यांच्या कडा तपकिरी दिसल्या, की फूल पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट किडे पळताना दिसतील. निळे आणि पिवळे चिकट सापळे लावा, खराब कळ्या खुडून नष्ट करा, आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणात मिसळून संध्याकाळी फवारा. लाल कोळी फेब्रुवारीपासून मेपर्यंत छळतो. पानांच्या मागच्या बाजूला पाइपानं जोरात पाणी मारणं, तेही सकाळी, हा त्याच्यावरचा साधा आणि खरा उपाय आहे. मावा कोवळ्या शेंड्यांवर आला, तर पाण्याच्या फवाऱ्यानं जातो. ढालकिडे दिसत असतील, तर औषध मारूच नका, ते मावा खाऊन टाकतात.

खत-पाणी किती?

ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मोठ्या वेलीला दोन घमेली शेणखत, पाव किलोच्या आसपास निंबोळी पेंड आणि दोन मुठी हाडांचा चुरा. आळं हलकं चाळून मिसळा, मग भरपूर पाणी. कळ्या दिसेपर्यंत पंधरा दिवसांनी शेंगदाण्याची पेंड तीन-चार दिवस भिजवून, दहापट पाणी घालून द्यावी. नुसतं नत्र वाढवलंत, तर पानं भरपूर आणि मावाही भरपूर. पाणी हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात एक दिवसाआड, पण कॅलेंडर बघून नाही: दोन इंच खाली बोट घालून माती कोरडी लागली तरच.

कोकणात, गोव्यात जमतं का?

जमतं, पण मेहनत जास्त. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिथे लोहाची तक्रार कमी. खरा शत्रू चार महिन्यांची ओल. पावसाळ्यात पानं जवळजवळ सगळी गळाली, तरी घाबरून झाड उपटू नका. खोड हिरवं असेल, तर ऑक्टोबरनंतर पुन्हा फुटतं. वेल मोकळ्या वाऱ्याच्या जागी, विरळ बांधा. अंगणात लाल आणि पिवळा असा पर्याय असेल, तर कोकणात पहिली वेल लाल लावा आणि हात बसला की पिवळी.

नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात वाचवायचा कसा?

एप्रिल ते मध्य जून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी, मुळाशी चार इंच आच्छादन, ठिबकनं सकाळी लवकर पाणी. या काळात छाटणी नाही, खत नाही, कळ्या आल्या तर खुडून टाका. झाडानं फक्त जगायचं.

दारात काटेरी झाड लावू नये म्हणतात. मग?

घरातल्या मोठ्यांच्या मनाला खटकत असेल, तर वेल कुंपणावर किंवा मागच्या अंगणात न्या, झाडाला फरक पडत नाही. व्यवहाराचा मुद्दा मात्र खरा आहे: मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लोंबणारी काटेरी फांदी दारात नकोच. रोज जाण्यायेण्याच्या वाटेवर पाच फुटांच्या खालच्या फांद्या घट्ट बांधलेल्याच हव्यात.

याच झाडापासून दुसरं रोप कसं करू?

पिवळ्या गुलाबांचे फाटे सहज मुळं धरत नाहीत. वेलीगुलाबाला मात्र लांब फांद्या असतात, त्यामुळे दाब कलम सोपं जातं. पावसाळ्याच्या तोंडावर खालची एक फांदी जमिनीकडे वळवा, डोळ्याच्या खाली तिरका छोटा काप द्या, तो भाग तीन इंच मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. दिवाळीनंतर ओढून बघा. घट्ट लागली, तर आईपासून तोडा, पण महिनाभर जागेवरून हलवू नका.

या फुलांचा गुलकंद होतो का?

गुलकंदाला सुवासिक गुलाबी देशी गुलाबच हवा. पिवळ्याला तो स्वाद येत नाही. आणि औषध फवारलेल्या झाडाचं फूल देवाला वाहा, फुलदाणीत ठेवा, खाऊ मात्र नका.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. हेच वेळापत्रक पाळायचं का?

नाही. तिथे झाड खरंच झोपतं. छाटणी हिवाळा सरताना, डोळे फुगू लागले की करा, लागवड वसंतात करा आणि डोळा भरल्याची गाठ दोन इंच मातीखाली ठेवा. फांद्या आडव्या बांधायचा नियम मात्र तिथेही तोच. उन्हाळ्यात जपानी भुंगेरे फुलं कुरतडतात. ते सकाळी सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकून टाका.

बारा वर्षांची वेल आहे, बुडाशी नुसतं लाकूड, फुलं दोन-चार. काढून टाकू का?

लगेच नको. या ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश तळापासून काढा, भरपूर शेणखत द्या. बुडातून नवी फूट आली, तर ती आडवी बांधा आणि पुढच्या वर्षी आणखी एक तृतीयांश जुनं लाकूड काढा. तीन वर्षांत वेल नवी होते. खोड तळाशी पोकळ असेल किंवा दोन हंगाम नवी फूटच आली नसेल, तर मात्र काढा. त्याच खड्ड्यात लगेच दुसरा गुलाब लावू नका. जुन्या गुलाबाच्या मातीत नवा गुलाब खुरटतो. दोन फूट खोल माती काढून बदला आणि मगच लावा. काढलेली माती वाया जात नाही, जास्वंदीला किंवा मोगऱ्याला ती चांगली चालते.